तेच तेच म्हणजे कचरा नव्हे

मागच्या सुट्टीत सौंसरला घरी होते. शेजारच्या काकू मुलीचं सिकलसेल तपासणीचं कार्ड घेऊन आल्या. त्यावर शब्द होता ‘वाहक’. काकूंनी विचारलं, "वाहक म्हंजे काय वं पोरी? एसटीतला वाहक मले माहीत हाय." मी हसले आणि लगेच लाज वाटली, कारण मलाही धड सांगता आलं नाही.

परत आल्यावर वाचायला बसले. सिकलसेल म्हणजे अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकात एका अक्षराची चूक. ‘ए’च्या जागी ‘टी’. चुकीची प्रत एकाच पालकाकडून आली तर माणूस वाहक, साधारणपणे ठणठणीत. दोघांकडून आली तर आजार. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मध्य भारतात हा आजार असल्याची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. म्हणजे आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. फक्त ती आपल्या बोलीत कुणी सांगितली नाही.

वाचता वाचता एका शब्दापाशी थांबले: सरळ पुनरावृत्ती. डीएनएमध्ये अक्षरांचा एखादा तुकडा पुढे कुठेतरी त्याच क्रमाने, त्याच दिशेने पुन्हा येतो. ‘नदी’ पुन्हा ‘नदी’ म्हणूनच आली तर सरळ, ‘दीन’ होऊन आली तर उलटी. १९७२ मध्ये सुसुमु ओहनो यांनी ‘जंक डीएनए’ हा शब्द रूढ केला, आणि असे कितीतरी तुकडे लोकांच्या लेखी कचऱ्यात गेले. प्रत्येक पुनरावृत्तीला काम असतंच असं नाही, हे खरं. पण सगळ्यांना एकदम कचरा म्हणणं मला पटत नाही.

पाठचिकित्सेच्या तासाला आपण शिकतो की पोथी उतरवताना तोच शब्द दोन ओळींत आला, तर लेखनिकाची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारते आणि मधला मजकूर गळतो. हाताने उतरवलेल्या प्रतींत पाठभेद शिरतात, म्हणूनच नाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करावी लागली. पेशीतही असंच होतं. सोळाव्या गुणसूत्रावर अल्फा-ग्लोबिनची दोन जनुकं शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या आजूबाजूचे तुकडे जवळपास सारखे. बीजपेशी तयार होताना जोडी लावताना गफलत होते, एकाचा पहिला तुकडा दुसऱ्याच्या दुसऱ्या तुकड्यासमोर येतो आणि सुमारे ३,७०० अक्षरं गळतात. दोनाचं एकच जनुक उरतं. याला अल्फा-थॅलेसेमियाचा एक प्रकार म्हणतात.

गंमत पुढे आहे. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत ही गळती बरीच आढळते. आणि सिकलसेलच्या रुग्णात ती असेल, तर रक्तपेशी कमी फुटतात, अ‍ॅनिमिया थोडा सौम्य राहतो. वेदना कमी होतीलच असं नाही. तरी पुनरावृत्तीमुळे झालेली एक चूक दुसऱ्या चुकीचा भार जरासा हलका करते.

दुसरी गोष्ट जिवाणूंची. १९८७ मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो यांच्या गटाला ई. कोलायमध्ये २९ अक्षरांचे सारखे तुकडे सापडले, मध्ये मध्ये ३२ अक्षरांचा वेगळा मजकूर. अर्थ लागला नाही. स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांनी वर्षानुवर्षं तेच धरून ठेवलं. २००५ पर्यंत कळलं की मधला मजकूर जुन्या विषाणूंचा आहे. म्हणजे ते तुकडे होते जिवाणूच्या आठवणींच्या वहीतले समास! २००७ मध्ये दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंवर ते सिद्ध झालं. त्यातूनच क्रिस्परची कात्री आली, २०२० चं नोबेल आलं, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत याच कात्रीच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. कोणत्या आजारावर? सिकलसेलवर.

अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याकडच्या आयजीआयबीची ‘बिरसा १०१’ ही देशी उपचारपद्धती जाहीर झाली, पण ती गावापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात आहे ती तपासणी. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. त्याच वर्षी पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला नवा जिल्हा झाला. कारभाराची भाषा हिंदी, घरची मराठी, पाड्यावरची गोंडी. या तिघींच्या मध्ये ‘वाहक’ हा शब्द अडकून पडतो. मग कार्ड कपाटात जातं आणि लग्न जुळवताना कुणी बाहेर काढत नाही, "पोरीत खोट हाय" म्हणतील म्हणून.

कुणी म्हणेल, साहित्य मंडळाचा याच्याशी काय संबंध? माझ्या मते हे पहिल्यांदा आपलंच काम आहे. योग्य शब्द शोधणं आणि तो पुन्हा पुन्हा सांगणं. लोक कंटाळतील, अशी भीती असते. पण मी लहानपणापासून रोझरीत तीच प्रार्थना पन्नास वेळा म्हणत आले आहे, आणि वारीत तेच नाव हजारदा घेतलं जातं. सांगणाऱ्याला काळजी असेल, तर तेच तेच ऐकणं जड जात नाही.

म्हणून माझी सूचना: येत्या सुट्टीआधी मंडळाने एक पानी पत्रक तयार करावं. एक आपल्या बोलीत, एक गोंडी जाणणाऱ्या मित्रांच्या मदतीने. त्यात तीनच वाक्यं असावीत. वाहक म्हणजे आजारी नव्हे. लग्नाआधी दोघांचीही कार्डं बघा. दोघंही वाहक असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.

काकूंना मी फोनवर हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांग वं, पोरीले पण ऐकू दे." मी पुन्हा सांगितलं.