‘पत्री’ हा अपभ्रंश नव्हे

इंग्रजी अमलात क्रांतिसिंह नाना पाटलांनी उभ्या केलेल्या समांतर सरकारला कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्रची माणसं ‘पत्री सरकार’ म्हणत आली. एका विद्वानांना ते खटकतं. मूळ शब्द ‘प्रति सरकार’, अडाणी जिभेला तो पेलला नाही, म्हणून हा अपभ्रंश आता टाकून द्यावा, असं त्यांचं म्हणणं.

अडाणी जीभ! बोलीला अशुद्ध ठरवणाऱ्यांशी आमचं भांडण जुनंच आहे. ही मंडळी बोली कधी कान देऊन ऐकत नाहीत. आमच्याकडे प्रसादाचा परसाद होतो, प्रकाशचा परकाश, प्रपंचाचा परपंच. त्या न्यायानं ‘प्रति’चं ‘परती’ व्हायला हवं होतं. जी जीभ ‘प्र’ फोडून सोपा करते, ती त्याच शब्दात नवा ‘त्र’ कशाला जोडेल? शिवाय पत्री ही वस्तू कुणब्याच्या रोजच्या ओळखीची. नालबंद बैल पाडतो, पाय दोरानं आवळतो, खूर तासतो आणि त्यावर लोखंडी पत्र्या खिळ्यांनी ठोकतो. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन. १९४३ नंतर गावगुंड, दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे या सरकारकडून असेच आडवे पाडले गेले, त्यांच्या तळव्यांवर काठ्या बसल्या. बघणाऱ्यांना बैल आठवला आणि ‘पत्र्या मारल्या’ हे बोलणं रूढ झालं. यात जीभ कुठं चुकली?

तळव्यांत खरोखर खिळे ठोकत, ही दंतकथा. बदनामीसाठी पाडलेलं नाव म्हणावं, तर लोकांनी ते अभिमानानं मिरवलं नसतं.

या सरकारनं न्यायनिवाडे केले, दारू बंद केली, कमी खर्चाचे गांधी विवाह लावले. ‘प्रति सरकार’ हे नाव इंग्रजी राज्याला दिलेलं आव्हान सांगतं, ‘पत्री’ गावातल्या गुंडाला बसलेली जरब. दोन्ही नावं खरी आहेत.

तेव्हा कुंडल औंध संस्थानात होतं आणि यातला बराचसा मुलूख सातारा जिल्ह्यात, सांगली हे जिल्ह्याचं नाव १९६० सालचं. म्हणून दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांना विनंती आहे. नाना पाटलांविषयी शिकवताना फळ्यावर ‘पत्री सरकार’ही लिहा, आणि उसाच्या हंगामात पोरांना बैलगाड्यांच्या तळावर नेऊन पत्री मारताना दाखवा.