पस्तीस चौकोन आणि एक शेपूट

तुमच्यापैकी एकीने पत्रातून मला चांगलंच झापलंय. ती लिहिते, "मावशी, तू सांगतेस त्या वस्तू आम्ही करतो, आई दोन दिवस कौतुक करते आणि मग त्या माळ्यावर जातात. असं काहीतरी सांग ना, जे माळ्यावर जाणार नाही!"

खरं आहे गं बाई! आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, करवंटीचं कासव, लग्नपत्रिकांचा आकाशकंदील, सगळ्यांचा शेवटचा मुक्काम माळ्यावरच. तेव्हा आज असं काम घेऊ या, जे पूर्ण झालं की घरात राहतच नाही. ते थेट जातं कुणाच्या तरी अंगावर, थंडीच्या रात्री. आपण क्रोशाचा चौकोन विणणार आहोत.

थांबा! 'क्रोशा' हा शब्द वाचून पान उलटणारे मुलगे मला इथून दिसतायत. कोकणात नाहीतर गोव्यात समुद्रावर गेलात, की वाळूत बसून फाटकी जाळी सांधणारे काका पाहिलेत ना? त्यांना कुणी म्हणतं का, की हे बायकांचं काम? धागा, गाठ आणि धीर, दोन्हीकडे कारभार तोच. तेव्हा बसा खाली.

क्रोशा तुमच्याही घरात कुठेतरी सापडेल. दारावरचं तोरण बघा, नाहीतर देव्हाऱ्यातला जाळीदार रुमाल. स्वेटरला दोन सुया लागतात, इथे एकच, आणि तिच्या टोकाला आकडा असतो. विणता विणता आईने हाक मारली, सुई निसटली आणि पन्नास टाके उसवले, असा घोटाळा इथे होत नाही. एक टाका धरला की काम भागतं.

आपल्या चौकोनाला इंग्रजीत 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात, म्हणजे आजीचा चौकोन. मधोमध एक छोटं कडं आणि त्याच्याभोवती तीन-तीन खांबांचे झुपके, फेरीवर फेरी. १८८५ मध्ये अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात असा चौकोन छापून आला होता. म्हणजे साप्ताहिकातून चौकोन शिकवण्याची आयडिया माझी नाही, हे आधीच कबूल करते! प्रत्येक फेरीला रंग बदलता येतो, त्यामुळे स्वेटर विणून उरलेले लिंबाएवढे गुंडेही कामी येतात.

आता गंमत बघा. शाळा, क्लास, गृहपाठ सांभाळून अख्खं पांघरूण विणायचं म्हटलं तर पुढची थंडीसुद्धा निघून जाईल. पण एक चौकोन? हात बसला की दोन संध्याकाळींत होतो. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला २००८ मध्ये एका कुटुंबाने नेमकं हेच ओळखलं. एड्समुळे आईवडील गमावलेली पुष्कळ मुलं तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये होती, आणि त्यांना पांघरुणं हवी होती. या कुटुंबाने 'निट-अ-स्क्वेअर' नावाचं काम सुरू केलं आणि जगभरच्या लोकांना सांगितलं, की तुम्ही फक्त २० सेंटिमीटरचा एक चौकोन विणा आणि पोस्टाने पाठवा, जोडायचं आम्ही बघू. रुंदीत ५ आणि लांबीत ७, असे ३५ चौकोन जोडले की १ मीटर रुंद आणि १ मीटर ४० सेंटिमीटर लांब पांघरूण होतं.

आफ्रिका म्हटलं की आपल्याला ऊनच आठवतं, नाही का? पण जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून १७०० मीटरहून उंच आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच! आणि जून-जुलैत आपण रेनकोट शोधत असतो, तेव्हा तिथे ऐन हिवाळा असतो. रात्री पारा शून्याच्या जवळ जातो.

आपल्या देशातलंही एक उदाहरण आहे. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण मांडलं आणि गिनेस बुकात नाव नोंदवलं. फुटबॉलचं दीड मैदान झाकेल एवढं! एवढं मोठं पांघरूण घेणार कोण? कुणीच नाही. विक्रमानंतर ते सुटं करून गरजूंना वाटायचं, असंच ठरलेलं होतं. मला विचाराल तर विक्रमापेक्षा हे सुटं करणंच जास्त आवडलं.

हं. आता एक गोष्ट सांगते. ती या पानावर मी कधी सांगितली नव्हती, कारण तिच्यात मी काही शहाणी दिसत नाही.

मी आठवीत होते. कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी प्रत्येकीला चार चौकोन विणून आणायला सांगितले. सगळे जोडून पांघरुणं करायची आणि गावातल्या वृद्धाश्रमाला द्यायची, असं ठरलं होतं. मी बाबांचा जुना पोपटी स्वेटर उसवून लोकर काढली. तीन चौकोन मन लावून केले. चौथ्याच्या वेळी टीव्हीवर मॅच लागली होती. चौकोन विणून झाला, पण त्याची लोंबणारी टोकं आत ओवायची राहिली होती. या टोकांना आम्ही शेपटं म्हणायचो. मी काय केलं असेल? कात्री घेतली आणि कचाकच कापून टाकली! दिसायला चौकोन झकास. बाईंनीही शाबासकी दिली.

मग आली संक्रांत. आमचा वर्ग तिळगूळ घेऊन वृद्धाश्रमात गेला. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांवर आमचं पांघरूण होतं. पोपटी रंग मी लांबूनच ओळखला. जवळ जाऊन बघते तर काय, एका पोपटी चौकोनाचं मधलं कडं सुटलेलं, भोवतीचे खांब उसवलेले, आणि वाटीएवढ्या भोकातून आजींच्या पायाचा अंगठा बाहेर! दोन-चार धुण्यांतच बिचाऱ्या चौकोनाने मान टाकली होती. भोक आणखी वाढू नये म्हणून आजींनी कडेला सेफ्टी पिन लावून ठेवली होती.

"बाकी अगदी उबदार आहे हो," आजी म्हणाल्या, "या एवढ्या खिडकीतून तेवढा वारा येतो." आणि हसल्या.

मी तिळगूळ दिला, वाकून नमस्कार केला आणि काही बोलले नाही. हो, काहीच नाही. 'तो माझा चौकोन आहे' एवढं सांगायला जीभच उचलली नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही. आईने विचारलं, तर म्हटलं तिळगूळ जास्त झाला.

पुढच्या रविवारी सायकल काढली. पिशवीत सुई, कात्री आणि उरलेला पोपटी गुंडा. आजींना सांगितलं, की शाळेने दुरुस्तीला पाठवलंय. (बघा, वर आणखी एक थाप!) त्यांनी तो गुंडा हातात घेतला, पांघरुणाला लावून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"रंग अगदी बरोब्बर मिळाला की गं तुला!"

एवढंच म्हणाल्या. मग मला खाटेवर शेजारी बसवलं, उसवलेला चौकोन माझ्याकडून पुन्हा विणून घेतला आणि शेपूट कसं आत घ्यायचं ते दाखवलं. आज तुम्हाला सांगणार आहे, ती युक्ती त्यांचीच.

तर आता कामाला लागू. जाडसर लोकर, ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई, मोठ्या नेढ्याची एक बोथट सुई आणि कात्री, बस्स. साखळी कशी घालायची ते आजीकडून, काकूकडून नाहीतर शेजारच्या मावशींकडून शिकून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. खांब असा घालायचा: सुईवर लोकरीचा एक वेढा घ्या, सुई भोकात घालून लोकर ओढून आणा. आता सुईवर तीन वेढे दिसतील. पुन्हा लोकर घेऊन दोन वेढ्यांतून काढा, परत एकदा दोनांतून काढा. झाला खांब!

सुरुवातीला वीतभर शेपूट सोडा, पाच साखळ्या घाला आणि त्यांची टोकं जोडून कडं करा. मग तीन साखळ्या घाला, हा झाला पहिला खांब. कड्यातच आणखी दोन खांब घातले की पहिला झुपका तयार. दोन साखळ्या घाला, तो कोपरा. पुन्हा तीन खांब, पुन्हा दोन साखळ्या, असे चार झुपके आणि चार कोपरे झाले की फेरी जोडून टाका. दुसरी फेरी कोपऱ्याच्या भोकातून सुरू करायची. प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, आणि एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये एक साखळी. तिसऱ्या फेरीपासून बाजूच्या प्रत्येक भोकातही एकेक झुपका येतो. पहिल्या फेरीत ४ झुपके, दुसरीत ८, तिसरीत १२. मग सहा फेऱ्यांच्या चौकोनात एकूण किती खांब? करा बरं गणित! (२५२ आलं का?)

आणि आता शेपूट. रंग बदललात की जुन्याचं एक आणि नव्याचं एक, अशी दोन शेपटं होतात. शेवटच्या फेरीचं टोक मात्र हातभर लांब राहू द्या, जोडताना शिवायला उपयोगी पडतं. बाकीची सगळी आत. शेपूट बोथट सुईत ओवा. सुरुवातीचं असेल तर आधी कड्याभोवती फिरवा. मग चौकोन उलटा करून खांबांच्या पोटातून चार बोटं अंतर एका दिशेने न्या, एक धागा सोडून त्याच वाटेने मागे आणा, आणि तिसऱ्यांदा पुन्हा पुढे न्या. तीन वेळा! एकदा नेलेलं शेपूट धुण्यात मागच्या वाटेने बाहेर येतं. वळणं घेतली की ते अडकून बसतं. नुसत्या गाठीवर विसंबू नका, गाठ सुटते आणि सुटली नाही तर टोचते. शेवटी चौकोन चारही बाजूंनी ताणून बघा, मगच टोक कापा. हे काम कंटाळवाणं आहे, कबूल. मी हल्ली रंग बदलला की तिथल्या तिथे शेपूट आत घेते, म्हणजे शेवटी बारा शेपटांचा उंदीर हातात येत नाही.

दुसरी भानगड मापाची. गेल्या थंडीत आमच्या सोसायटीतल्या मुलांनी चौकोन केले. लोकर एकच, सुई एकाच मापाची, फेऱ्याही सगळ्यांच्या सहा. मांडून पाहिले तर एक १६ सेंटिमीटरचा आणि एक २३ चा! कसं काय? एकाचा हात आवळ, दुसरीचा सैल. मग बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून २० सेंटिमीटरचा चौकोन कापला आणि तो सगळ्यांच्या घरी फिरवला. लहान भरला तर आणखी एक फेरी घालायची, थोडक्यात हुकला तर कडेने मुक्या खांबांची एक फेरी पुरते. मोठा झाला तर शेवटची फेरी उसवायची. उसवताना रडू आलं तरी चालेल, क्रोशात उसवलेली लोकर परत वापरता येते.

लोकर कोणती घ्यायची? अस्सल मेंढीची लोकर ऊब फार छान देते, पण गरम पाण्यात घासून धुतली की आटते आणि घट्ट होते. जिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात, तिथे अॅक्रिलिकची बरी. मात्र ती विस्तवाशी वितळते, तेव्हा शेकोटीपाशी झोपणाऱ्यांसाठी नको. तान्ह्या बाळासाठी करत असाल तर जाळीच्या भोकांत बाळाची बोटं अडकतात, म्हणून मागून सुती कापडाचं अस्तर लावा.

आणि पहिला टाका घालण्याच्या आधी, ज्या आश्रमाला किंवा वसतिगृहाला द्यायचं तिथे मोठ्या माणसांबरोबर जाऊन विचारून या. पांघरूण हवंय का? केवढं हवंय? ते कसं धुतात? आमच्या सोसायटीची मुलं आधी न विचारता निघाली होती. तिथल्या ताई म्हणाल्या, की अंगावरची पांघरुणं भरपूर आहेत, पण चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांना गुडघ्यांवर घ्यायला काहीच नाही. मग ३५ च्या जागी १६ चौकोनांची दोन छोटी पांघरुणं झाली. तीन चौकोन उरले, ते पुढच्या खेपेला.

तुमचे चौकोन झाले की मला पत्र लिहा. किती फेऱ्यांत २० सेंटिमीटर भरले, हात आवळ निघाला की सैल, सगळं कळवा. आणि हो, लिफाफ्यात चौकोन मला पाठवू नका बरं का, मला पांघरूण आहे!

तुमची,
मावशी