भाड्याची भिंत आणि विकतची निवड

"सर, तुमची निवड झालीय. अभिनंदन!" असा फोन आमच्याकडच्या बहुतेक चित्रकारांना कधी ना कधी येतो. मलाही आला. कोल्हापुरात चित्रकला शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी घाटावर बसून जलरंगात काम करत माझी वीस वर्षे गेली होती. मुंबईच्या समूह प्रदर्शनासाठी कुणी आपण होऊन बोलावते आहे, याचा आनंद मोठा होता. दुसऱ्या दिवशी दरपत्रक आले. एका चित्राचे इतके, दोन चित्रांचे इतके, कॅटलॉगात पूर्ण पान हवे तर त्याचे वेगळे. माझे एकही मूळ चित्र कुणी पाहिले नव्हते. तरी मी पैसे भरले.

उद्घाटनाला गर्दी झाली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सहभागी चित्रकारच एकमेकांची चित्रे पाहत बसलो. अभिप्रायाच्या वहीत नावे होती ती आमची आणि आमच्या नातेवाइकांची. पंचगंगा घाटाचे माझे चित्र पार्सलने परत आले, तेव्हा फ्रेमची काच फुटली होती आणि तिच्या एका तुकड्याने पाण्यावरच्या उजेडातून सरळ ओरखडा काढला होता. जलरंगात उजेड रंगवत नाहीत, तिथला कागद कोरा राखतात. तो कागदच फाटला की दुरुस्ती नसते. आयोजकांना फोन केला, तर उत्तर मिळाले, "वाहतुकीची जबाबदारी कलाकाराची, फॉर्मवर लिहिलंय." खरेच लिहिलेले होते. मी वाचले नव्हते.

अशा प्रदर्शनांच्या बाजूने जे बोलले जाते, ते मी नंतर नीट ऐकत गेलो. त्यातले तीन मुद्दे पुन्हा पुन्हा येतात.

पहिला मुद्दा खर्चाचा. दालनाचे भाडे, दिवे, छपाई हे कुठून भागवायचे? खर्च असतो, हे मान्यच आहे. मुंबईचे जहांगीर कलादालन 1952 पासून उभे आहे, तेही चित्रकाराकडून भाडे घेते. पण तिथे अर्ज छाननीतून जातो, पाळी यायला वर्षे लागतात आणि भाड्याला भाडेच म्हणतात. 1888 साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनात चित्र पाठवले म्हणजे ते भिंतीवर लागलेच असे नसते, परीक्षक ते नाकारू शकतात. कोल्हापुरात जन्मलेल्या चित्रकार धुरंधरांना 1895 साली या सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, त्याला मोल आले ते त्यामुळेच. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे या कलाकारांनी 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा आपल्या सोबत कोण हे त्यांनीच ठरवले. कुणी दरपत्रक पाठवून त्यांची निवड केली नव्हती.

म्हणून पैसे घेतले की नाही, एवढ्यावर निवाडा करू नये. आयोजकाचे पोट कशावर चालते, ते पाहावे. चित्र विकले गेल्यावर ज्याला कमिशन मिळणार, तो ग्राहकाला फोन करतो, संग्राहकाला बोलावतो, चित्र नीट प्रकाशात लावतो. ज्याची कमाई चित्रकाराच्या शुल्कातूनच होते, त्याचे काम उद्घाटनाच्या आधीच संपलेले असते. पुढचे सात दिवस भिंतीसमोर कुणी उभे राहिले काय, न राहिले काय, त्याच्या हिशेबात फरक पडत नाही. असा माणूस कुणालाच नाकारत नाही, कारण प्रत्येक नकार म्हणजे त्याचा तोटा. आणि जिथे नकार नाही, तिथे निवड या शब्दाला अर्थ नाही.

दुसरा मुद्दा बायोडाटाचा. विक्री नाही झाली तरी मुंबईचे नाव लागते, असे म्हणतात. पण ते नाव वाचणारा कोण? ज्या परीक्षकाचे किंवा गॅलरीचालकाचे मत आपल्याला हवे असते, त्याला कुठले प्रदर्शन कसे भरते हे चांगले ठाऊक असते. मी भरलेल्या त्या पैशांत माझा वर्षभराचा हातकागद आला असता, आणि चांगल्या कागदावर केलेले वर्षभराचे काम हाच चित्रकाराचा खरा बायोडाटा.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो: "गावाकडे रसिक कुठे आहेत?" साताऱ्याजवळच्या औंधला जाऊन यावे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली एका खेड्याच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे शिल्पही आहे. खेड्यातला माणूस चित्र पाहील, हा विश्वास त्या राजाला होता.

माझाही अनुभव तसाच आहे. कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात मी गुऱ्हाळाची चित्रे लावली होती. गूळ करणारे एक म्हातारे गुळवे काहिलीच्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "वाफ बरोबर हाय सर. पर चुलवाणातला जाळ असा पिवळा नसतोय. चिपाडाचा जाळ तांबूस लागतोय." दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन आले. त्या आठवड्यात दोनच चित्रे विकली गेली. मुंबईत विक्री जास्त होते, हे मी नाकारत नाही. पण माझ्या रंगाची चूक मुंबईतल्या त्या सात दिवसांत कुणी दाखवली नाही, ती गुळव्यांनी दाखवली. पुढचे गुऱ्हाळ मी तांबूस जाळाचे रंगवले.

मग करायचे काय? आठ-दहा चित्रकारांनी एकत्र यावे. जिल्ह्याच्या ठिकाणचे सभागृह वर्गणी काढून घ्यावे, हिशेब सर्वांसमोर ठेवावा आणि एकमेकांचे चित्र नाकारण्याची हिंमत दाखवावी. मुंबईला जरूर जावे, पण अशी चार प्रदर्शने अंगावर घेऊन जावे. नगरपालिकांनीही सभागृह बांधताना एक भिंत, तिच्यावर पडणारा नीट प्रकाश आणि चित्र टांगायची सोय एवढे तरी ठेवावे.

बाहेरून बोलावणे आले, तर पैशाआधी कागद मागावा. त्यावर प्रत्येक चित्राचे नाव, आकार आणि किंमत हवी. वाहतूक आणि विमा कुणाकडे, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, न विकलेले चित्र कधी परत, हेही हवे. "सर्व हक्क आयोजकांकडे" अशी ओळ दिसली, तर सही करू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, आपल्या मनाने काढलेले चित्र विकले तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो आणि तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. विकलेल्या कामाची मोडतोड झाली, तरी कलाकाराला दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातले आपले भित्तिशिल्प काढून त्याची मोडतोड झाली, म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल सरकारविरुद्ध कोर्टात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत करायला लावले आणि 5 लाख रुपयांची भरपाईही दिली. कायदा आपल्या पाठीशी आहे. आपण कागद वाचत नाही, ही आपली उणीव आहे.

ओरखडा पडलेले ते घाटाचे चित्र मी वर्गात लावले आहे. शेवटच्या वर्षाची मुले बाहेर पडायच्या आधी मी तो जुना फॉर्म त्या चित्राखाली धरतो आणि एकेकाला मोठ्याने वाचायला सांगतो, बारीक अक्षरासकट.