अठराव्या वर्षीची पारख

२०२२च्या जुलैत माँट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाने घरच्याच शहरात भरलेल्या एनएचएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिली निवड केली, ती युराय स्लाफकोव्हस्कीची. अनेकांनी पहिला म्हणून गृहीत धरलेला शेन राइट चौथा गेला. स्लाफकोव्हस्की या उंचापुऱ्या स्लोव्हाक मुलाने बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७ गोल केले होते, तेही सतराव्या वर्षी! पण पहिल्या हंगामात ३९ सामन्यांत १० गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून), त्यात गुडघ्याची दुखापत; लगेच ‘निवड फसली’ अशी ओरड झाली. ती अन्यायाची होती. युरोपातल्या रुंद बर्फावर वाढलेल्या पोराला एनएचएलच्या अरुंद बर्फावर विचार करायला क्षणही मिळत नाही. पुढच्या हंगामात त्याने ५० गुण मिळवले. म्हणूनच या अंकातल्या नव्या खेळाडूंकडे पाहताना आम्ही गुणांआधी त्यांचे स्केटिंग आणि दबावाखालचे निर्णय तपासले आहेत.