साठ शॉटांची बेरीज

१ ऑगस्ट ही तारीख महाराष्ट्राच्या दिनदर्शिकेत आधीच भरलेली होती. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती, दोन्ही १९२० सालच्या एकाच दिवसाच्या. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीने त्या तारखेवर आपलेही नाव घातले. पॅरिस ऑलिम्पिकमधली नेमबाजी शातोरू या गावी झाली आणि तिथे कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मग फलक लागले, मिरवणूक निघाली, बक्षिसाच्या रकमेवरून वादही झाले. आपल्याकडे हे सगळे रीतसर होते.

कुसाळेच्या पदकावर भरपूर लिहून झाले आहे. नेमबाजीच्या रेंजवर रोज संध्याकाळी जी माणसे दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचा पदकाशी संबंध नसतो, आणि त्यांच्याविषयी मात्र कोणी लिहीत नाही. कोणी पतसंस्थेत कर्जाच्या फायली पाहतो, कोणी शाळेत गणित शिकवते, कोणाचे औषधांचे दुकान आहे. पेलेटचे डबे हे लोक स्वतःच्या खिशातून घेतात, लेनचे भाडे स्वतः भरतात, जिल्हा स्पर्धेसाठी रजा टाकतात आणि घरी त्याचा खुलासाही देतात. सोसायटीच्या फाटकावर पिस्तुलाच्या पेटीकडे बोट दाखवून ‘यात काय आहे?’ असे विचारणाऱ्या वॉचमनला खरे उत्तर द्यावे की ‘वाद्य आहे’ म्हणावे, हाही त्यांच्यापुढचा एक नित्याचा प्रश्न. क्रीडा धोरणाच्या कागदात या माणसांना रकाना नाही. कुमार गटाचे वय उलटले आणि राष्ट्रीय संघ लांबच राहिला, की खेळाडू संपला असे आपण धरून चालतो.

यांतला एखादा माणूस १० मीटर एअर पिस्तुलात ६०० पैकी ५४५ च्या आसपास मारतो, असे समजा. लाज वाटावी असा हा आकडा नाही, आणि अंतिम फेरी दिसावी असाही नाही. मात्र ५४५ मारायला काय लागते, ते जवळून पाहायला हवे.

एअर पिस्तुलाच्या टार्गेटवरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. ते दहा मीटरवर. पिस्तूल एकाच हाताने धरायचे. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. वजन किलोच्या आसपास, आणि ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅमचा दाब लागलाच पाहिजे असा नियम. नजर टार्गेटवर ठेवायची नसते, हे नवख्याला पटता पटत नाही. नजर पुढच्या साइटच्या कडेवर, टार्गेट धुरकट. चाळिशी लागलेल्या नेमबाजाचे तर इथेच घोडे अडते, कारण हातभर अंतरावरची ती काळी कड दिवसेंदिवस पुसट होत जाते आणि चष्म्याच्या नंबराशी तडजोड करावी लागते. हात हलतोच. ऑलिम्पिक विजेत्याचाही हलतो, फक्त त्याचा घेर लहान असतो. ट्रिगरवरचा दाब त्या हलण्यातच, घाई न करता, सारखा वाढवत न्यायचा असतो. हौशी माणूस इथे चुकतो. साइट मधोमध सरकताना दिसली की ‘आत्ताच’ असे मनात येते आणि बोट झटका देते. उजव्या हाताच्या नेमबाजाचा असा शॉट बहुधा डावीकडे खाली जातो, घड्याळात सात वाजतात त्या जागी. शेजारच्या छोट्या पडद्यावर तो ठिपका उमटतो. पडदा पाहण्याआधीच त्याला ते कळलेले असते.

सरावात हे कमी होते. गुरुवारी संध्याकाळी, कोणी पाहत नसताना, दहा शॉटांच्या एका सिरीजमध्ये ९६ येतात. चहाच्या टपरीवर चार जणांना सांगितले जाते. रविवारी स्पर्धा. तयारीची आणि साइटर्सची, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या शॉटांची, पंधरा मिनिटे संपेपर्यंत सगळे सुरळीत चालते, साइटर्सचे शॉट एकामागून एक दहात बसतात. मग ‘स्टार्ट’चा आदेश येतो आणि हिशेबात धरला जाणारा पहिला शॉट आठ. रेंज तीच आहे, हात तोच आहे, पिस्तूलही तेच. फरक एवढाच, की आता मोजले जाते. इथून दोन वाटा फुटतात. एक घाईची: पटापट मारून मोकळे व्हायचे. दुसरी अतिसावधपणाची: पिस्तूल उचलून धरायचे, आणखी जरा स्थिर होऊ द्यायचे, श्वास संपत आला आणि डोळा थकला की मग घाबरून मारायचे. दोन्ही वाटा सातच्या जागी पोचतात. साठ शॉटांना पंचाहत्तर मिनिटे मिळतात, म्हणजे वेळेची ओरड नसते. जमत नाही असे वाटले की उचललेले पिस्तूल न झाडता खाली ठेवायचे, दोन श्वास घ्यायचे, पुन्हा उचलायचे. मुरलेले नेमबाज हे सहज करतात. आमच्या मते या खेळातली ही सर्वांत अवघड करामत आहे, आणि ती गुणपत्रिकेत कुठेही दिसत नाही, कारण न मारलेल्या शॉटची नोंद होत नाही.

स्पर्धा संपते. ५४१. मागच्या महिन्यात ५५२ होते, तेव्हा पेढे वाटले होते. आता पिस्तुलाच्या मुठीवर, पेलेटच्या नव्या डब्यावर, रेंजवरच्या दिव्यांवर आणि आदल्या रात्रीच्या जागरणावर खापर फोडले जाते.

इथे थोडे गणित मांडू. ५४५ मारणाऱ्याची एका शॉटची सरासरी नऊच्या किंचित वर पडते. प्रत्येक शॉट या सरासरीपासून साधारण पाऊण गुण वर-खाली होतो असे धरा. या पातळीवर ते अवास्तव नाही. असे साठ शॉट एकत्र केले, तर बेरजेत पाच-सहा गुणांचा फरक निव्वळ योगायोगाने पडतो, आणि क्वचित दहा-बारांचाही. कौशल्य तेच, मनःस्थिती तीच, तरी एका रविवारी ५५० आणि दुसऱ्या रविवारी ५४०. पेढे वाटले तेव्हाचा आणि खापर फोडले तेव्हाचा माणूस एकच असू शकतो. एका स्पर्धेच्या आकड्यावरून प्रगती किंवा अधोगती ठरवणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय.

हे कागदावर पटते, मनाला पटत नाही, आणि हौशी नेमबाजाचे खरे नुकसान इथे होते. दोन वाईट स्पर्धा झाल्या की तो मुठीची पकड बदलतो. तिसरी बरी जाते, म्हणून नवी पकड लागू पडली असे ठरते. चौथी पडते, मग पायांची ठेवण बदलली जाते. साइटचे क्लिक तर दर चार शॉटांनी फिरतात. डावीकडे गेलेल्या शॉटमागे साइट धावते, शॉट आपल्या जागी परत येतो आणि आता साइट चुकीच्या जागी असते. वर्षाअखेरीस या माणसाने इतके बदल केलेले असतात, की कशाने काय झाले ते कोणीच सांगू शकणार नाही. सरावाची वही ठेवणारेही यातून सुटत नाहीत, कारण वहीत आकडे लिहिले जातात आणि त्या दिवशी काय बदलले ते लिहायचे राहते. खरोखर दुरुस्त करण्यासारखे दोष असतात, नाही असे नाही. झटका देणारे बोट हा दोष आहे, आणि तो घरी कोऱ्या भिंतीसमोर, पेलेट न भरता, रोज वीस मिनिटे ट्रिगर दाबून कमी होतो. ड्राय फायरिंगला ना लेनचे भाडे लागते ना पेलेट. त्यात आकडाही येत नाही, म्हणूनच बहुधा ते कोणाला आवडत नाही.

मोठ्यांकडे पाहिले तर चढउतार त्यांनाही चुकलेले नाहीत, उलट त्यांचे चव्हाट्यावर होतात. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकची अंतिम फेरीही गाठली आणि तिथे त्या आठव्या आल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता झाला, पॅरिससाठी देशाला त्याने कोटा मिळवून दिला. पण कोटा देशाचा असतो, आणि निवड चाचण्यांनंतर पॅरिसच्या संघात तो नव्हता. पॅरिसमध्येच सरबज्योत सिंगने एअर पिस्तुलात ५७७ गुण घेतले. आठव्या क्रमांकाच्या नेमबाजाचेही ५७७ होते. गुण सारखे असले की दहाच्या आतल्या छोट्या वर्तुळातले शॉट मोजतात; त्यांत एक कमी पडला, म्हणून सरबज्योत अंतिम फेरीबाहेर राहिला. तीनच दिवसांनी मनू भाकरच्या जोडीने त्याने मिश्र सांघिक कांस्य मिळवले. तीन दिवसांत त्याचे कौशल्य वाढले असे कोण म्हणेल?

आणि मॅथ्यू एमन्स. अथेन्समध्ये या अमेरिकन नेमबाजाने प्रोन, म्हणजे झोपून मारायच्या, प्रकारात सुवर्ण मिळवले होते, आणि दोन दिवसांनी थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत शेवटच्या शॉटपूर्वी तो तीन गुणांनी पुढे होता. त्याने शॉट मारला, पण त्याच्या टार्गेटवर काहीच उमटले नाही. तो दुसऱ्या लेनवर उभा होता आणि गोळी तिसऱ्या लेनच्या टार्गेटवर गेली होती. शून्य गुण, आठवा क्रमांक. चार वर्षांनी बीजिंगमध्ये तीच फेरी, पुन्हा शेवटचा शॉट, पुन्हा तीनहून अधिक गुणांची आघाडी. या वेळी नेम लागण्याआधीच बोट ट्रिगरला लागले आणि ४.४ आले. चौथा क्रमांक. माणूस हा खेळ सोडून देईल असे कोणालाही वाटावे. त्याने सोडला नाही. २०१२ मध्ये लंडनला त्याच प्रकारात शेवटचा शॉट पुन्हा घसरला, ७.६, आणि रौप्याऐवजी कांस्य हाती आले. अथेन्सच्या त्या दिवशी त्याचे सांत्वन करायला आलेल्या कातेरिना कुर्कोवा या चेक नेमबाजाशी पुढे त्याचे लग्न झाले, हे सांगायला वर्तमानपत्रे विसरत नाहीत. सिनेमावाल्यांच्या हातून एवढी तयार कथा कशी सुटली कोण जाणे. आम्हाला त्यातला वेगळा तपशील महत्त्वाचा वाटतो. तीनही वेळा एमन्स शेवटच्या शॉटपर्यंत पदकाच्या शर्यतीत होता. आठ वर्षे त्या जागी टिकून राहणे हे त्याचे कौशल्य, आणि त्या तीन शॉटांवरून त्याला ‘ऐन वेळी कच खाणारा’ ठरवणे हा पाहणाऱ्यांचा आळस.

कुसाळेचा निकालही या नजरेने पुन्हा पाहण्यासारखा आहे. पात्रता फेरीत तो ५९० गुणांसह सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारायच्या टप्प्यानंतर सहावा, झोपून मारायच्या टप्प्यानंतर पाचवा. या कोणत्याही क्षणी दूरदर्शन संच बंद करणाऱ्याला दोष देता आला नसता. उभ्याने मारायच्या टप्प्यात तो तिसऱ्या जागेवर आला. त्याआधी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बारा वर्षे गेली होती, आणि त्यांतल्या बहुतेक रविवारी कोणी फलक लावला नव्हता. रेल्वेतली नोकरी सांभाळून, बालेवाडीच्या रेंजवर, दीपाली देशपांडे यांच्यासारख्या स्वतः ऑलिम्पिक खेळलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखाली ती गेली. या प्रशिक्षकांच्या पिढीला नाशिकच्या भीष्मराज बाम यांची शिकवण परिचयाची. पोलीस सेवेतून आलेला हा मानसतज्ज्ञ खेळाडूंना श्वासाकडे आणि योगाभ्यासाकडे वळवायचा, गुणफलकाकडे नव्हे.

मग त्या ५४५ वाल्या माणसासाठी काय करता येईल? पहिले म्हणजे वेळ. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या रेंज अनेकदा कार्यालयीन वेळेत उघड्या असतात आणि संध्याकाळच्या लेनवर निवडक कुमार खेळाडूंचा पहिला हक्क असतो. कुमारांना प्राधान्य मिळावेच. पण आठवड्यातले दोन दिवस रात्री नऊपर्यंत चार लेन नोकरदारांसाठी ठेवल्या, तर पदकांचे नुकसान होणार नाही. स्पर्धांत पंच म्हणून उभे राहणारे, क्लबचे हिशेब लिहिणारे, नव्या मुलाला पहिल्यांदा पिस्तूल धरायला शिकवणारे याच लोकांतून येतात. त्यांना बाहेर ठेवून कोल्हापूर घडत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्निल कुसाळे हे नेमबाज या एकाच जिल्ह्यातून आले, यामागे त्यांची जिद्द आहेच. पण जिथे नेमबाजी हा चारचौघांच्या बोलण्यातला विषय असतो, तिथे अशा जिद्दीला लवकर वाट सापडते.

दुसरी सूचना साधी आहे आणि तिला शासन निर्णय लागत नाही. क्लबच्या फलकावर प्रत्येक सभासदाचा वर्षातला सर्वोत्तम स्कोअर लिहायची पद्धत आहे. तो पुसून तिथे शेवटच्या दहा स्पर्धांची सरासरी लिहावी. ५५२ चे पेढे त्यात दिसणार नाहीत आणि ५४१ चे तोंडही लपून जाईल. ५४३ वरून ५४६ असा वर्षभरात सरकलेला आकडा तेवढा दिसेल. पहिल्या महिन्यात काही नावे खाली घसरतील, एखादे वजनदार नावही त्यात असेल, आणि तक्रार येईलच. सचिवांनी ती शांतपणे ऐकून घ्यावी आणि फलक आहे तसा ठेवावा.