गायरानाचा हिशेब आणि बिनपगारी गडी



उसाच्या पत्रिकेत गवताचे रडगाणे कशाला, असे काही जण म्हणतील. पण ज्या गायरानावर आपली जनावरे चरतात, हंगामात टोळ्यांची बैलं सुटतात, तिथे आज गाजरगवत कमरेएवढे उभे आहे. जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही; लावलेच तर दूध कडवट होते. उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते, कुणाला दमा जडतो. त्याचे बी शेणखतातून आणि पाटाच्या पाण्यातून आपल्या उसात येते. तेव्हा हा विषय आमच्या शेतकी खात्याचाही आहे.

1955 च्या सुमारास पुण्यात या गवताची प्रथम नोंद झाली. आज ते देशभर आहे. एकेक झाड हजारोंनी बी टाकते.

आता हिशेब पाहू. समजा, एक एकर गायरान वर्षातून दोनदा उपटायचे आणि दर वेळी सहा मजूर लागले, तर बारा रोज झाले. आपल्या गावची मजुरी घालून बघा. त्या एकरात तेवढ्या किमतीचं गवत निघतं का? निघत नाही. तणनाशकाचेही तेच. उसात फवारणीचा खर्च टनेजमधून वसूल होतो, गायरानात कशातून व्हायचा? शिवाय हा खर्च दरसाल उभाच.

ऑस्ट्रेलियात निवडुंगाने हाच पेच टाकला होता. 1925 च्या सुमारास जवळपास सहा कोटी एकर जमीन त्याने व्यापली होती. कित्येक ठिकाणी तो काढण्याचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त होता. अर्जेंटिनातून आणलेल्या पतंगाच्या अळीने थोड्याच वर्षांत बहुतेक निवडुंग पोखरून पाडला आणि सोडून दिलेली राने पुन्हा वहितीला आली.

गाजरगवतासाठी आपल्या देशात 1983 साली बंगळूरला मेक्सिकन भुंगेरा आणला आणि चाचण्या करून 1984 मध्ये मोकळा सोडला. पांढरट अंगावर तपकिरी पट्टे, आकार ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. भुंगेरा आणि त्याची अळी दोन्ही पाने खातात. पावसाळा संपला की तो जमिनीत झोपतो आणि पुढच्या पावसाला आपण होऊन वर येतो. एकदा वस्तीला आला की ना हजेरी, ना पगार! मध्यंतरी तो सूर्यफूल खातो अशी ओरड झाली. पण सूर्यफुलावर त्याची वंशवाढ टिकत नाही, असे तपासणीत दिसले.

मग हा गडी गावोगाव का नाही? कारण सरळ आहे. ज्याने सोडला त्याच्याच रानात तो राहत नाही, बांध ओलांडून शेजाऱ्याकडे जातो. खर्च एकाचा, फायदा सगळ्या शिवाराचा. म्हणून एकटा कुणी पुढे येत नाही, आणि दुकानदाराला यात विकण्यासारखे काही नाही. जे एकट्याला परवडत नाही आणि सर्वांना हवे असते, त्यासाठीच तर आपण शेअर्स घेऊन कारखाना उभा केला. 2002 साली लोकरी मावा आला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडले, हे जुने सभासद विसरले नसतील.

आमचीही एक चूक इथे कबूल करतो. मागे एका गट ऑफिसशेजारच्या गायरानात आम्ही ऐन श्रावणात तणनाशक मारले. गवत जळाले, पण त्यावरच्या भुंगेऱ्यांचे अन्नही गेले. पुढच्या पावसाळ्यात गवत आले, भुंगेरे दिसेनात. एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला, “सायेब, फुकटात चाललेलं काम तुम्ही पैसं मोजून बंद पाडलं.” त्यावर आम्हाला उत्तर नव्हते.

भुंगेरा म्हणजे जादू नव्हे. उन्हाळ्यात तो काम करत नाही. पाटाच्या कडेला बारमाही ओल असते तिथे गवत त्याला पुरून उरते. ते फुलोऱ्याआधी हातमोजे घालून उपटावेच लागेल. आणि मोकळ्या झालेल्या जागी मारवेल, पवना लावून एक हंगाम चराई बंद ठेवली नाही, तर गाजरगवत परत बसलेच म्हणून समजा.

आमचे म्हणणे एवढेच की, येत्या वार्षिक सभेत गायरानावरील फवारणीच्या मागणीआधी याचा विचार व्हावा. ज्या गटात भुंगेरे मुबलक आहेत तिथून आषाढ-श्रावणात गोळा करून इतर गटांत सोडावेत, ग्रामपंचायतींनी तिथली फवारणी थांबवावी. तीन पावसाळे हा खर्च ऊस विकास खात्याने सोसावा. दर दसऱ्याला ठरलेल्या त्याच जागांवर झाडे मोजून आकडे याच पत्रिकेत छापू. गवत हटले नाही, तर सभासदांनी आम्हाला सभेत उभे करून जाब विचारावा.