विश्लेषण : शेजाऱ्याचा जुना कूलर ॲपवर मिळेल?

नागपुरात परीक्षा संपल्या की खोली सोडणारा विद्यार्थी कूलर कबाड्याला किलोच्या भावाने देतो. पुढच्या मार्चमध्ये त्याच ले-आउटमध्ये आलेला दुसरा विद्यार्थी जुना कूलर शोधत फिरतो. देणारा आणि घेणारा यांची गाठ ॲप घालून देऊ शकेल का?

महापालिकेची केंद्रे आहेतच ना?

‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत मे २०२३ मध्ये देशभरातील शहरांत ‘आरआरआर’ केंद्रे सुरू झाली. तिथे भर होता कपडे, पुस्तके, खेळणी, चपला-बूट यांवर. पलंग, कपाट किंवा कूलर केंद्रापर्यंत न्यायचा तर ऑटोचे भाडेच अंगावर येते. अशा वस्तू घरूनच उचलल्या गेल्या तर उपयोग.

असे प्रयोग कुठे झाले?

अमेरिकेतील टूसॉन शहरात २००३ मध्ये ‘फ्रीसायकल’ सुरू झाले, तेही साध्या ई-मेल गटातून. नियम एकच : वस्तू फुकट द्यायची. ब्रिटनमधील ‘ओलिओ’ ॲप २०१५ मध्ये आले; त्यात उरलेल्या अन्नासोबत घरगुती वस्तूही दिल्या जातात.

ॲपमध्ये काय हवे?

वस्तूचा फोटो, उचलण्याची मुदत आणि ‘दिली’ अशी खूण. नकाशावर फक्त वस्ती दिसावी. घराचा पत्ता व्यवहार ठरल्यावरच कळावा. विजेच्या वस्तूंसाठी पंप, वायर, अर्थिंग यांची स्थिती सांगणे सक्तीचे हवे. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरली तर जीव जाऊ शकतो. फुकट मिळालेली वस्तूही इलेक्ट्रिशियनला दाखवूनच सुरू करावी.

अडचण कुठे?

ॲप तयार करणे तुलनेने सोपे, माणसे जमवणे अवघड. दहाही झोनमध्ये विखुरलेल्या पाचशे वस्तूंपेक्षा एकाच वस्तीतील पन्नास वस्तू अधिक कामाच्या, कारण त्या पायी जाऊन आणता येतात. म्हणून सुरुवात एका ले-आउटपासून किंवा एका वसतिगृहापासून व्हावी.

कबाड्याचे काय?

त्याच्या पोटावर पाय येण्याचे कारण नाही. चालू वस्तू शेजाऱ्याकडे आणि दुरुस्त न होणारे पत्रा-लोखंड कबाड्याकडे, अशी वाटणी होऊ शकते. ई-कचरा मात्र अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा. भांडेवाडीच्या वाट्याला यातले काहीच जाऊ नये, हीच ॲपची खरी कसोटी.